गादीवरचे मार्तंडराव

गांधीबागेतल्या त्या साड्यांच्या दुकानात मार्तंडराव गादीवर बसले की नुसतं बघत राहावं. मनगटाला एक झटका, आणि साडी हवेत उलगडून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात अशी उतरायची, जणू पडदा वर गेला आणि नायिकेने प्रवेश केला! गादीचा एक रिवाज होता: उत्तम माल पहिल्यांदा दाखवायचा नाही. आधी साधा, मग बरा. गिऱ्हाईक रुळलं, चहा झाला, की मग मागच्या कपाटातली पैठणी काढायची. मार्तंडराव सगळी हयात याच रिवाजाने वागले.

मालक वारले. त्यांच्या मुलांनी दुकान विकलं, आणि पन्नाशी उलटलेले मार्तंडराव सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत येऊन बसले. ओळखीच्या दुकानांत विचारून झालं. जो तो चहा पाजून वाटेला लावी. शेवटी मुलीने, गार्गीने, मोबाईलवर जाहिरात शोधली. वर्धा रोडवर साड्यांचं मोठं शोरूम उघडत होतं. सेल्समन हवे होते.

"बाबा, गेल्या गेल्या सांगून टाका, मी जन्मभर साड्या विकल्या म्हणून."

"अगं, असं अंगावर नसतं फेकायचं. समोरच्याला जरा बसू द्यावं."

"तो बसलेलाच असतो, बाबा! उभे तुम्ही असता."

शर्टाला इस्त्री करणारी उत्तरा, त्यांची बायको, खुदकन हसली. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी हसलं होतं.

शोरूममध्ये काचेच्या खोलीत धर्मेंद्र नावाचा तरुण मॅनेजर होता. "काय काय येतं, काका?"

मार्तंडराव सावरून बसले. "माल उतरवून घेतो. घड्या घालतो. डाग, फाटकं तपासतो. गोदाम लावून ठेवतो..." आवाज हळूहळू चढत होता. अजून सगळं पुढेच होतं. लग्नाचा अख्खा बस्ता एका बैठकीत कसा उरकला, रुसून बसलेली नवरी साडी दाखवता दाखवता कशी हसवली.

"बस बस, काका, झालं आपलं काम!" धर्मेंद्र उठून उभाच राहिला. "गोदामात असाच माणूस पाहिजे होता. सोमवारपासून या."

"साहेब, अजून थोडं..."

धर्मेंद्रने तोवर पुढच्या उमेदवाराला हाक मारलीही होती.

घरी उत्तराने देवापुढे साखर ठेवली. सगळं कळल्यावर गार्गी कपाळाला हात लावून बसली. "उद्या जाऊन सांगा ना त्याला!"

"नको गं. मिळालंय तेही हातचं जाईल."

लग्नसराईत मौद्याच्या रंभाबाईंचा फोन आला. त्यांच्या थोरल्या मुलींच्या लग्नाच्या साड्या मार्तंडरावांनीच दाखवल्या होत्या. "कुठी गेला गा भाऊ तू? धाकटीचं जमलं. मले साड्या तुह्याच हातच्या पाहिजे."

मार्तंडरावांनी शोरूमचा पत्ता दिला. गोदामात असतो, हे मात्र तोंडातून निघालं नाही.

त्या आल्या तेव्हा मार्तंडराव दाराआड घड्या घालत होते. गोदामातल्या माणसाने गिऱ्हाइकापुढे यायचं नाही, असा तिथला नियम. बाहेर खणखणीत आवाज घुमला, "मार्तंडभाऊले बोलाव वं पोरी. त्याच्याबिगर मी साडी पाहत नाही."

"या नावाचे सेल्समन नाहीत हो आमच्याकडे, काकू," साड्या दाखवणारी मुलगी म्हणाली.

"काहून नाही? त्यानंच तं बोलावलं मले!"

मार्तंडरावांनी दारावर हात ठेवला. फटीतून पलीकडे उभा असलेला धर्मेंद्र दिसत होता. दार त्यांनी ढकललं नाही.

"चाल माय," रंभाबाई लेकीला म्हणाल्या, आणि दोघींच्या चपलांचा आवाज पायऱ्या उतरत गेला.

खिशात फोन वाजू लागला. मार्तंडरावांनी तो वाजू दिला, आणि पुढची साडी घडी घालायला ओढली.