मावशीची साक्ष

शेजारणीची मुलगी अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात निवडली गेली, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे मी वाटले. आई-बाबा दोघं नोकरीवाले, म्हणून शाळा सुटली की ती आमच्याकडे यायची. माझ्या टेबलावर थालीपीठ खात खात तिने फ्रेंच शिकायला सुरुवात केली. पुढे कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण घेतलं, एक वर्ष पॅरिसला राहून आली. टेक्सासमधल्या आमच्या प्लेनोतली बाकीची पोरं कोडिंगच्या मागे, आणि हिला व्हायचं होतं डिप्लोमॅट! परीक्षा, मुलाखत सगळं पार पडलं. फक्त सरकारी चौकशी उरली होती.

त्यासाठी एक गृहस्थ माझ्याकडेही आले. तुम्ही तिच्या कोण, असं त्यांनी विचारलं.

"आंट. तिच्या आईची बहीण," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! माझा भाऊ भारतीय सैन्यात कर्नल होता, म्हणजे हिचा मामाच, हेही ऐटीत सांगून टाकलं. त्यांनी ते टिपून घेतलं. चिवड्याला मात्र हात लावला नाही.

आमचं रक्ताचं नातं नाही, हे सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. इतक्या वर्षांत ते कधी आठवायची वेळच आली नव्हती.

तिने अर्जात आपल्या परदेशातल्या सगळ्या नातेवाईकांची नावं आधीच लिहून दिली होती. त्यात हा मामा नव्हता.

"मावशी, कर्नलमामाचं कशाला सांगितलंस गं? दे थिंक आय हिड इट," ती फोनवर म्हणाली. आवाज शांत होता. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

खुलासे करण्यात महिने गेले. तिची बॅच तिच्याशिवाय रुजू झाली, आणि तिचं फ्रेंच जिथे कामी आलं असतं ती आफ्रिकेतली जागा दुसऱ्याला मिळाली. माझ्या जिभेला हाड नाही म्हणून पोरीचं वर्ष गेलं. तिच्या आईसमोर जायची मला लाज वाटायची.

अखेर तिला पुढच्या बॅचमध्ये घेतलं. शपथविधीला तिने मला हट्टाने वॉशिंग्टनला नेलं. पैठणी नेसून मी तिच्याशेजारी उभी होते. तिच्या एका वरिष्ठ बाई हसत आल्या, माझा हात हातात घेतला आणि तिला विचारलं, "फॅमिली?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"नो, मॅम," ती म्हणाली. "शी इज अवर नेबर."

मीही घाईघाईने मान हलवली. तिला दोष कुठल्या तोंडाने देणार? हे बोलायची पाळी तिच्यावर मीच आणली होती.