एका शर्टाला एक ओळ

दादा गेल्याचं मला इस्त्रीच्या टेबलापाशीच कळलं. इस्पितळातून मालकाचा फोन आला. ऐकून फोन ठेवला, हातातला शर्ट पुरा केला आणि घडी घालून ठेवला... दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही.

गोविंददादा तळेघरचे, मी डिंगोऱ्याचा. मस्कतच्या या लाँड्रीत त्यांनीच मला चिकटवलं. इस्त्री करता करता ते कविता जुळवायचे. कॉलरला सुरुवात झाली की शेवटच्या बटणापर्यंत ओळ बसली पाहिजे, नाही बसली तर पुढचा शर्ट. जेवणाच्या सुट्टीत सगळं वहीत उतरवायचे, वही माझ्यापुढे सरकवायचे आणि वाच म्हणायचे. मी अडखळलो की हसायचे. "आठवीतनं पळालास राव, माझ्या वर्गातनं कुठं पळशील?" आज हे चार शब्द लिहितोय ते त्याच वर्गामुळे. इतकी वर्षं इथे काढून त्यांच्या कवितेत मस्कत कधी आलं नाही. नाचणीचा उतार यायचा, चिखलातले पाय यायचे. एक ओळ मला पाठ आहे, "माझ्या खाचरात आता कुणाचं आभाळ उतरतंय"... तिच्या पुढची आठवत नाही.

शवपेटीसोबत गावी जायची त्यांची बॅग मीच भरली. वहीचे कोपरे दुमडू नयेत म्हणून ती त्यांच्या दोन शर्टांच्या मधोमध ठेवली. कुणाला सांगितलं नाही, चिठ्ठीसुद्धा टाकली नाही. गेलेल्या माणसाचे कपडे आपल्याकडे घरात ठेवत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझ्या आजोबांचे मीच नदीवर नेले होते.

दहाव्यानंतर वहिनींचा फोन आला. सगळं नीट पार पडलं म्हणाल्या. बॅगेचं मी भीतभीतच विचारलं.

"तिची चेन बी नाय काढली भाऊजी. बघवंना. तशीच नदीवर नेऊन जाळली पोरांनी." मग म्हणाल्या, "त्यांची वही तुमच्याकडंच हाय ना? पोरगी लई मागं लागलीय. बाप काय लिहायचा ते बघायचंय म्हणती."

मी म्हणालो, आहे.

वहिनी, नाही. वही त्या बॅगेत होती. फोनवर जीभ उचलली नाही. पोरगी पेपरची ही पुरवणी वाचते असं तुम्हीच म्हणाला होतात, म्हणून इथे लिहितोय.

दादांच्या टेबलावर आता मी उभा असतो. कॉलरला इस्त्री लावतो आणि कान देतो. पुढची ओळ आठवेल असं वाटतं... शेवटचं बटण येतं. मी पुढचा शर्ट ओढतो.