डावा कान, उजवा कान आणि शालिनीताई

शालिनीताई खिल्लारे यांची माझी पहिली भेट वाशीमला, आमच्या संस्थेच्या कार्यालयात झाली. ऐकू न येणाऱ्या मुलांना श्रवणयंत्रे देणाऱ्या या संस्थेत मी शिबिरांच्या कामासाठी नुकताच रुजू झालो होतो. शाळेत गणित शिकवून मग इकडे आलेल्या ताई तालुक्यांतून आलेले तपासणीचे तक्ते संगणकावर एकत्र करीत बसल्या होत्या. मान वर करून त्यांनी विचारले, "हा 'आर' म्हणजे उजवा कान, की रिसोड तालुका?" मला हसू आले. ताई हसल्या नाहीत.

प्रत्येक तालुक्याचा तक्ता निराळा असे. कुठे 'डावा', कुठे 'लेफ्ट', कुठे नुसते 'एल'. तक्ते जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ताई आधी सगळ्या रकान्यांची नावे एकसारखी करीत, दोनदा आलेले रकाने गाळीत, क्रम लावीत आणि मगच जोडणी करीत. एखादा रकाना काढण्यापूर्वी तो भरणाऱ्याला फोन करून विचारीत. जातीचा रकाना मात्र त्यांनी कोणालाही न विचारता काढून टाकला. "मशीन कानात बसवाचं हाये, जात कायले पाहिजे?" एवढेच म्हणाल्या.

एकदा ताई आजारी असताना ही जोडणी दुसऱ्या एका सहकाऱ्याने केली. त्यावरून प्रत्येक मुलाच्या कानांप्रमाणे यंत्रांचे आवाज कमी-जास्त बसवून झाले. वाटपाच्या आदल्या दिवशी ताई कामावर परतल्या, तेव्हा मालेगाव तालुक्यातल्या जऊळक्याची एक आई मुलीला घेऊन वेळ विचारायला आली होती. ताई मुलीशी बोलू लागताच आई म्हणाली, "मॅडम, इले डाव्या अंगानं आवाज द्या. तिकून थोडं आयकू येते."

तक्त्यात मुलीचा डावा कान जवळजवळ बंद असल्याची नोंद होती. ताईंनी मूळ तक्ता उघडला. मालेगाव तालुक्याने इतरांच्या उलट उजव्या कानाचा रकाना आधी ठेवला होता आणि जोडताना त्या तालुक्यातील सगळ्या मुलांचे डावे-उजवे उलटे झाले होते. बऱ्या कानात नको तेवढा मोठा आवाज गेला असता.

मंडप उभा होता. संस्थेचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, पाहुणे निघाले आता. वाटून टाकू, मंग पाहू."

"मंग म्हंजे कवा, साहेब? लेकराचा चांगला कान गेल्यावर?"

दुसऱ्या दिवशी मालेगावच्या पालकांना ताईंनी स्वतः व्यासपीठावरून सांगितले, की तुमची यंत्रे आज मिळणार नाहीत. एक वडील उठून ओरडले, "मजुरीचा रोज पाडून आलो आमी! कायले बोलावलं मंग?" ताईंनी हात जोडले. "चूक आमची हाये. मशीन तुमच्या घरी आणून देतो." ती चूक कोणाची, हे त्यांनी आजवर संस्थेबाहेर कोणाला कळू दिलेले नाही. त्या सहकाऱ्याला मात्र जवळ बसवून त्यांनी पुढची जोडणी त्याच्याच हातून करून घेतली.

यंत्रे दुरुस्त झाल्यावर ताई तंत्रज्ञांसह गावोगाव गेल्या. मीही सोबत होतो. जऊळक्याला त्या मुलीच्या कानात यंत्र बसवले, तशी ती दचकली, आईच्या पदरात तोंड खुपसून रडू लागली. मी घाबरलो. आई म्हणाली, "रडू द्या, भाऊ. आयकू आलं म्हणून रडून राह्यली." ताई अंगणात खाली बसल्या आणि मुलगी शांत होईपर्यंत तिच्याशी हळू आवाजात बोलत राहिल्या.

ताईंनी आता साठी पूर्ण केली आहे. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभावे. आम्ही घाईत असू, तेव्हा आम्हाला थांबवायला त्या अजून पुष्कळ वर्षे आमच्यात असाव्यात.