चाकूरच्या अलीकडचं वळण

पाण्याचा टँकर कधी येईल हे त्या उन्हाळ्यात लातुरात कोणीच सांगू शकत नव्हतं. सकाळी येईल, दुपारी येईल, नाहीतर परवा. म्हणून घरात एक धडधाकट माणूस कायम हजर लागायचं, आणि आमच्या घरातलं ते माणूस मी होते. आईचे गुडघे गेलेले, अण्णांचा उजवा हात लकव्यानं गेलेला. मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम बनवायचं काम करायची. ते काम कॉम्प्युटरसकट घरी घेऊन आले आणि अडकले. कोपऱ्यावर कोथिंबीर आणायला जायचं तरी कान रस्त्याकडे. महिन्याभरात मला आमच्या गल्लीची, दारोदारच्या निळ्या ड्रमांची आणि नंबरावरून भांडणाऱ्या बायकांची शिसारी आली. सगळ्यात मोठ्यानं भांडणारी मीच होते, ती गोष्ट वेगळी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर. सगळी उमर लातूर-नांदेड फेरीवर गेली. चाकूर, अहमदपूर, माळाकोळी, लोहा, नांदेड आणि परत. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं असताना एका सकाळी हातातला चहाचा कप सुटला. पाय पुढे सावरला, जीभ सावरली, उजवा हात मात्र तिथंच राहिला. बोटं मिटायची, पकड धरायची नाहीत. दारात खुर्ची टाकून ते रस्ता बघत बसायचे आणि कोणी गिअर खरवडत गाडी नेली की शिव्या द्यायचे. घरात दोन कैदी, आणि दोघांचेही स्वभाव आगीसारखे. आईनं कसं निभावलं तीच जाणे.

आमच्या कंपनीचा एक बस चालवायचा गेम होता. त्यात लातूर-नांदेड रस्ता मी भांडून घालायला लावला होता, अण्णांना विचारून विचारून. गेम अवघड होता. चुकीचा गिअर टाकला की बस धक्का देऊन बंद पडायची, वळणावर हात सैल पडला की बाभळीत. पण त्यामुळेच काही लोक त्याच्यासाठी अक्षरशः वेडे होते. ट्रकवाले, जुने एसटीवाले, ड्रायव्हरांची पोरं. हॉर्नचा आवाज आम्ही एकदा जरासा बदलला, तर पानंच्या पानं लिहून त्यांनी आमची आई-बहीण काढली. शेवटी जुना हॉर्न परत बसवला.

आता गेमचा दुसरा भाग निघायचा होता. आमचा साहेब पुण्याहून फोनवर रोज तेच दळायचा. "जुने लोक जीव टाकतात, मान्य. पण ते आहेत तेवढेच आहेत. नवा माणूस येतो, पहिल्याच वळणावर बाभळीत जातो आणि गेम पुसून टाकतो." म्हणून नव्यांसाठी दुसऱ्या भागात एक सोपा मुलूख केला होता. रुंद रस्ता, वळणावर बाण, चौकाचौकात पाट्या. त्याचं नाव मी 'नवा जिल्हा' ठेवलं, कारण आमच्याकडे तेव्हा दुसरा विषयच नव्हता. अण्णांचे जुने जोडीदार, रिटायर कंडक्टर काका, दर दोन दिवसांनी येऊन सांगायचे, "उदगीर जिल्हा होणार, यंदा पक्कं!" अण्णा म्हणायचे, "आधी पाणी येऊ दे, मग जिल्हा येऊ दे."

नव्या जिल्ह्याची कुणकुण लागताच जुने खेळाडू पेटले. गेमची वाट लावली, शेंबड्या पोरांसाठी केलाय, आम्ही खेळणार नाही. साहेब घाबरला आणि त्यानं मधला रस्ता काढला. बस रस्त्याबाहेर जायला लागली की गेमनं गुपचूप तिला सावरायचं. बाण नाही, पाटी नाही, पडद्यावर कसलीच खूण नाही. ऑफिसात आम्ही त्याला 'सांभाळ' म्हणायचो. नव्याला वाटावं आपल्याला जमतंय, आणि जुन्याला काही कळू नये. ते बनवायचं काम माझ्याकडे आलं. शिवाय एखाद्या मुरलेल्या खेळाडूवर न सांगता वापरून बघ, असंही साहेबानं बजावलं.

मुरलेला खेळाडू माझ्या घरातच बसला होता.

डॉक्टर म्हणाले होते की हाताला काम द्या. म्हणून ऑफिसचं खेळायचं स्टेअरिंग आणि गिअरचा दांडा मी आईच्या शिलाई मशीनच्या टेबलाला आवळून दिला होता आणि वर माझा जुना कॉम्प्युटर मांडला होता. अण्णा रोज सकाळी जुना गेम लावून बसायचे. लातूर स्टँडवरून बस झोकात काढायचे. पण चाकूरच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं उतारावर गिअर बदलावा लागतो. डावा हात गिअरवर गेला की स्टेअरिंगवर एकटा उजवा उरायचा, आणि तो सोडून द्यायचा. बस बाभळीत. रोज. "बंद कर ते डबडं!" असं ओरडायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे.

एका सकाळी ते अंघोळीला गेले असताना मी त्या गेममध्ये 'सांभाळ' घातला. कामाला माणूस हवा होता म्हणून घातला, की ते वळण त्यांनी एकदा तरी पार करावं म्हणून घातला, हे मला आजही ठरवता येत नाही. दोन्ही खरं आहे.

अण्णा बसले. वळण आलं, डावा हात गिअरवर गेला, आणि बस जराशी हलून रस्त्यातच राहिली. ते खुर्चीत ताठ झाले. "निघाली! अगं ए, निघाली की! हात आला गं माय, हात आला!" आई पिठाच्या हातानं धावत आली. अण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पण हसले. काय करणार होते?

तीन आठवडे त्यांना काही कळलं नाही. मी साहेबाला तसं कळवलं आणि त्यानं सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. इकडे अण्णा मिशी विंचरायला लागले. कंडक्टर काका मागं खुर्ची टाकून बसायचे आणि "लोहा उतरा, लोहा!" असं ओरडायचे. दोघं नांदेडपर्यंत जाऊन यायचे. हातातून ग्लास सुटला तर अण्णा म्हणायचे, "गिलास लई गुळगुळीत हाय." सदऱ्याची बटणं अजून आईच लावायची, ते मात्र कोणी बोलायचं नाही.

मला राहवेना. एके दिवशी स्वयंपाकघरात आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "काही बोलायचं न्हाई," म्हणाली. "दीड वर्षानं हसले ते. तू जर बोललीस तर माझ्याशी गाठ हाय."

मग मी मूग गिळून बसले. सांगावं तर आईनं तोंड बांधलेलं, न सांगावं तर रोज सकाळी तो आनंद डोळ्यांनी बघायचा, घर सोडून जावं तर टँकर. कोणीकडूनही निघायला वाट नव्हती. अण्णा "बघ, बघ" म्हणत वळण घ्यायचे आणि मी ड्रम बघायचं निमित्त करून बाहेर जायची.

त्यातच एकदा टँकर आलाच नाही. आठवडा झाला, दहा दिवस झाले. ड्रमच्या तळाशी गाळ राहिला. रेल्वेनं पाणी आलं म्हणून टीव्हीवर दाखवत होते, आमच्या गल्लीत कुठलं यायला. कंडक्टर काकांच्या मुलाचा एक पिकअप होता, त्यावर पाण्याची टाकी बसवलेली. चाकूरकडे त्यांच्या पाहुण्याच्या शेतात बोअरला अजून पाणी होतं. पण मुलगा सासुरवाडीला भोकरला गेलेला, गाडी दारात उभी. काका सकाळी पिकअपची किल्ली घेऊनच आले.

"ड्रायव्हर, तुझा हात आलाय ना? चल की मग. दोन तासांचा खेळ हाय."

अण्णांनी पायात चपला कधी घातल्या ते कळलंच नाही. गल्लीत बातमी पसरली. शेजारच्या दोघीजणी पाइप धरायला मागं चढल्या. एक म्हातारी म्हणाली, "देवानंच हात दिला वो!" अण्णा पिकअपच्या सीटवर बसले, आरसा नीट केला, आणि उजवा हात स्टेअरिंगवर ठेवला. मी जवळ उभी होते म्हणून मला दिसलं. हात त्यांनी डाव्या हातानं उचलून ठेवला होता.

मी आईकडे बघितलं. बोललीस तर गाठ हाय म्हणणारी माझी आई उंबऱ्यात उभी होती आणि डोळ्यांनी माझी विनवणी करत होती, की आता तरी बोल. माझ्या डोक्यात तिडीक गेली. सगळं माझ्याच गळ्यात! मी खिडकीतून हात घालून किल्ली काढून घेतली.

"किल्ली दे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, आत चला. बोलायचंय."

"लोक पाण्यावाचून बसलेत. काय ते इथंच बोल."

मग मी तिथंच बोलले, सगळ्यांच्या देखत. आत नेऊन हळूच सांगता आलं असतं, पण माझं तोंड हे असं. "हात सुधारलेला नाही, अण्णा. वळणावर गाडी तुम्ही नाही धरत, गेम धरतोय. मी तसं केलंय. कंपनीच्या कामासाठी केलं."

मागच्या बायका खाली उतरल्या. अण्णा समोरच्या काचेतून बघत राहिले. "दाखव," एवढंच म्हणाले.

आत येऊन मी 'सांभाळ' काढला. ते बसले. स्टँड, रस्ता, उतार, वळण, बाभळी. पुन्हा पहिल्यापासून. बाभळी. तिसऱ्यांदा गिअरला हात घालायच्या आधीच त्यांचा उजवा हात घसरून मांडीवर पडला. कंडक्टर काका दाराशी टोपी हातात घेऊन उभे होते, ते निघून गेले. संध्याकाळी त्यांनी दुसरा ड्रायव्हर शोधून पाणी आणलं. आमचा ड्रम भरून दिला आणि आत न येताच गेले.

अण्णा मला रागावले नाहीत, हेच मला सहन होईना. जेवताना आपणहून बोलले. "मी नोकरीला लागलो तवा लातूर जिल्हा नवाच झालेला. नव्या पाट्या, नव्या फेऱ्या, मी पण नवा. मला काय येत होतं? उस्ताद बाजूला बसायचा. गाडी सरकली की स्टेअरिंगला हात लावायचा. पण त्याचा हात मला दिसायचा, माय. मला माहीत असायचं, हे माझं न्हाई, त्याचं हाय." मग ताट सारून उठले. आई पदरानं डोळे पुसत भांडी गोळा करत राहिली. मला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबाला फोन केला आणि माझा आधीचा निरोप खोटा धर म्हणून सांगितलं, कारण त्या मुरलेल्या खेळाडूचा हातच गेलेला आहे हे मी लपवलं होतं. 'सांभाळ' ठेवायचा तर ठेवू, पण उघड. शिकाऊ गाडीला लावतात तसा लाल एल बसच्या मागं लागेल, आणि तो ज्याचा त्यानं आपल्या हातानं लावायचा. साहेब म्हणाला, नव्यांना लाज वाटेल आणि जुने हसतील. मी म्हणाले, "नव्यांना लाज वाटली तर शिकून काढतील. आणि लपवून ठेवणार असाल तर जुन्यांना मीच लिहून सांगते." हॉर्नवरून काय झालं होतं ते त्याला आठवत असणार. आदळआपट करून शेवटी तो तयार झाला. नवा जिल्हा राहिला, जुना रस्ताही होता तसा राहिला.

अण्णांनी मात्र स्टेअरिंगला हात लावणं सोडलं. दुसरा भाग तयार झाला, तो मी त्यांच्या कॉम्प्युटरवर घातला आणि एल कुठून लागतो ते दाखवलं. त्यांनी मान वळवून घेतली. पुढं काही दिवसांनी बसायला लागले, पण एल लावायचे नाहीत. रोज स्टँडवरून निघायचे, रोज त्याच वळणावर बाभळीत जायचे, आणि गपगार उठून दारातल्या खुर्चीत बसायचे. आता शिव्याही देत नव्हते. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, आणि दुसरीकडे बघायला घरात जागा नव्हती.

एका दुपारी मी टँकरवर होते. पाइप ओढून, दोघींशी भांडून, ड्रम भरून आत आले तर बसचा आवाज चालू होता आणि कधीचा थांबला नव्हता. वळण कधी मागं पडलं? मी ओल्या पायांनीच त्यांच्या मागं जाऊन उभी राहिले. पडद्यावर लोहा मागं गेलं होतं. क्षणभर, खोटं कशाला बोलू, मला वाटलं की हात खरंच आला. मग बसच्या मागं तो लाल एल दिसला.

अण्णांनी वळून बघितलं नाही. सरळ रस्त्याकडे बघत चालवत राहिले. नांदेड जवळ आलं तशी बस हळू केली, कडेला घेतली आणि थांबवली.

"इथून पुढं डेपो लागतो," ते म्हणाले. "आत सगळे ओळखीचे हायेत. आत शिरताना तेवढ्यापुरता तो काढता येतो का गं?"

आम्ही तशी सोय केलीच नव्हती. एकदा लावला की फेरी संपेपर्यंत एल राहायचा.

"येतो," मी म्हणाले. "थांबा पाच मिनिटं." आणि त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून कामाला बसले.