दीड किलोचा खटका

"आबाले कप नको देऊ, सांडवतात. गिलासात दे, अर्धाच."

वहिनी, माझ्या चुलतभावाची बायको, आत स्वयंपाकघरात आपल्या मुलीला सांगत होती. रागानं नाही, मायेनंच. मी ओसरीवर मोठ्या बाबांशेजारी, म्हणजे त्या मुलीच्या आबांशेजारी, बसले होते. त्यांनाही ऐकू आलं असणार, कारण त्यांनी दोन्ही हात हळूच मांडीखाली घेतले.

त्या हातांबद्दलची एक गोष्ट मी त्या क्षणापर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. आईलाही नाही. एरवीही मी फार बोलत नाही — शाळा इंग्रजी, घर वऱ्हाडी, आणि दोन्हीकडे मी गप्प. पण हे गप्प बसणं वेगळं होतं. तुम्हाला कसं सांगू?

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तिवस्याकडे आमचं वावर आहे, त्यात संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका. जंभेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला बारीक चीर द्यायची, तिच्यात संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा आणि पट्टी बांधायची — या कामासाठी त्यांना आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. "त्यायनं बांधलेला डोळा मरत नाही," असं लोक म्हणायचे. ते ऐकून ते फक्त मिशीत हसायचे.

कोवळ्या रोपांवर हरणं येतात. त्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची एक जुनी रायफल होती. हरणावर त्यांनी ती कधी धरली नाही. तो गुन्हा तर आहेच, पण त्यांच्या मनालाही ते पटलं नसतं. आभाळाकडे एक बार काढायचा, कळप पांगला की झालं. फक्त तिचा खटका, म्हणजे बोटानं ओढायचा चाप, फार कडक होता आणि त्यांचं बोट वयानं आखडत चाललं होतं.

मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते आणि तिथल्या क्लबात एअर रायफल चालवायचे. का? तर तिथे कुणाशी बोलावं लागत नाही. मोठे बाबा एकदा म्हणाले, "पोरी, तुले समजते त्यातलं. हा खटका जरा नरम करून दे."

त्या घरात मला कुणी असं काही पहिल्यांदाच विचारलं होतं. प्रवीणदादा, त्यांचा मुलगा, बाजूला दात कोरत उभा होता. "मॅडम कागदावर नेम धरतात बाबा, त्यायले वावरातलं काय समजते?"

समजत होतं — हेच तर सांगायचं आहे. आमच्या सरांनी शिकवलं होतं, की आपला खटका फुंकरीनं सुटेल इतका हलका असतो, कारण आपण एका जागी उभे असतो. शेतातला माणूस चालतो, ठेचकाळतो, त्याची बोटं थंडीनं बधिर असतात. त्याच्या बंदुकीचा खटका ओढायला लागणारा जोर दीड किलोच्या खाली आणायचा नाही. खटक्याला अडकवून वजन बघायचा हुकाचा काटा माझ्या बॅगेतच होता. मी रायफल रिकामी केली, खटक्याचा स्क्रू फिरवला, वजन बघितलं. बरोबर आलं होतं. तिथेच थांबायचं.

पण माझ्या बोटाला तो खटका जड वाटला. माझ्या बोटाला! मी स्क्रू आणखी फिरवला. मग आणखी थोडा. किती छान सुटत होता...

"झालं का मॅडम?" दादानं विचारलं.

"हो," मी म्हणाले. "दीड किलो. मोजलाय."

मोजला नव्हता. शेवटच्या फिरवण्यानंतर काटा लावलाच नव्हता; खटका पार खाली आला आहे हे फक्त बोटाला कळलं होतं. पण दादासमोर पुन्हा स्क्रू उलटा फिरवायचा? मला ते जमलं नाही.

त्या हिवाळ्यात मी गावी आलेली असताना एका सकाळी पन्हेरीत हरणं शिरली. बाप-लेक दोघंही धावले. धुऱ्याच्या बांधावर चढताना, मोठ्या बाबांनी बंदूक वर करायच्या आधीच गोळी सुटली आणि दादाच्या पावलाजवळ मातीत घुसली. मी पोचले तेव्हा तो पांढराफटक पडला होता आणि ओरडत होता, "हात थरथरते बाबा तुमचा! आज मेलो असतो मी!"

"म्या दाबलंच नाही रे," मोठे बाबा म्हणत होते. "नुस्तं बोट लागलं."

ते खरं बोलत होते. तिथे उभ्या असलेल्या माणसांत ते फक्त मला माहीत होतं.

दुपारी सगळे अंगणात दादाभोवती जमले होते. मी आत गेले आणि स्क्रू पुन्हा कडक केला. घाबरले होते असं म्हटलं तर तुम्ही समजून घ्याल. पण तसं म्हणणार नाही — स्क्रू फिरवताना माझा हात अगदी स्थिर होता.

नंतर गावातल्या एका निवृत्त फौजीनं रिकामी रायफल दाबून बघितली. "खटका त चांगला कडक हाय." झालं. पुढे कुणी काही विचारलं नाही. मोठ्या बाबांनी स्वतः दाबून बघितला, एकदा, पुन्हा एकदा. मग म्हणाले, "मंग माह्या हाताचंच खरं नसन."

रायफल ठाण्यात जमा झाली. त्या हंगामात त्यांनी डोळे बांधायचा चाकू दादाकडे दिला. मी शिकून नोकरीला अकोल्याला गेले. दर सणाला यायचे, पाया पडायचे आणि निघायचे. दर वेळी त्यांच्या हातातून काहीतरी एक काढून घेतलेलं असायचं. आधी मोटारसायकल, मग विळा, मग नातीला उचलणं. आता त्यांचे हात खरंच थरथरतात. ते स्वतःच त्यांच्याकडे सारखे बघत असतात — मग काय होणार?

तर त्या दिवशी ओसरीवर वहिनी चहा घेऊन आली. दादा दारात बूट घालत होता. मोठे बाबा मला म्हणाले, "पोरी, तू घे आधी."

मी घेतला नाही. नंतर काय होईल याचा विचार केला नव्हता; केला असता तर पुन्हा गप्पच बसले असते. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. आतही ऐकू गेला असेल.

"मोठे बाबा, तो खटका मी शेवटी मोजलाच नव्हता. फार हलका केला होता. गोळी सुटल्यावर मीच आत जाऊन तो परत कडक केला. तुमचा हात थरथरला नव्हता."