पोटावरचा हात

अड्याळहून भंडाऱ्याला निघालेल्या एसटीत शेजारच्या माणसाच्या हातावर जांभळ्या गाठी होत्या. खड्डा आला की तो मात्र पोट धरायचा. न विचारता इलाज सांगायची मला खोड. गाठींवर कडुलिंब सुचवला, पोटासाठी ओवा पुढे केला.

त्यानं ओवा घेतला. "गॅस नाही जी, बायकोनं देल्लेली किडनी हाय इथं. ते टिकवाच्या गोळ्यायनं अंगातली रोगासंग लढाची ताकद मारली, मंग हा लिम्फोमा नावाचा कॅन्सर चामडीतून निघाला. डॉक्टर म्हनते गोळ्या कमी करू, पन मंग किडनी जाईन."

"वहिनी काय म्हणतात?"

"गेली ते मागच्या साली. आता तिचं एवढंच जित्तं हाय."

पुढचा खड्डा यायच्या आधीच मी ड्रायव्हरला म्हणालो, "हळू घे ना, भाऊ."