बीबीला गेलेल्या बारा राशी

माझ्या बुडाला काटे आहेत, असं माय सगळ्या गावाला सांगायची. खोटं नव्हतं ते. जेवायला बसले तरी मी मधेच उठून दारात जाऊन यायची. कोण गेलं, कोणाची बैलगाडी आली, कोणाकडे पाव्हणे उतरले, हे मला कळायलाच पाहिजे. त्यात मी सातवी पास झाले. बाबांनी हौसेनं आमच्या अमडापूरभर गूळ वाटला आणि त्याच संध्याकाळी सांगून टाकलं की शिकणं पुरे, आता घरात बस. बस म्हणे! जगातली सगळी कामं सांगा, पण तेवढं एक मला जमत नव्हतं.

आमच्या हेडमास्तरांनी माझ्या डोक्यात एक किडा सोडून ठेवला होता. अमरावतीला मुलींची नॉर्मल शाळा आहे, तिथं राहून शिकलं की मास्तरीण होता येतं, असं ते म्हणाले होते. झालं, मला घर खायला उठलं. अंगण झाडताना अमरावती, शेण काढताना अमरावती. पण बाबांपुढे बोलायची छाती कोणाची? मायची तर नव्हतीच. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती बाबांशी भिंतीकडे बघून बोलायची.

तेवढ्यात ताईचं जमलं. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, अगदी गरीब गाय. सासर बीबी गावचं मिळालं. दोन मुलगे, एक मुलगी, भरलेलं घर, बारमाही विहीर. थोरल्या मुलाला आमची ताई. पुढल्या वैशाखातला मुहूर्त निघाला आणि मायला रुखवताचा घोर लागला. मांडवात रुखवत मांडलं की वराकडच्या बाया आधी त्याच्याभोवती जमतात, आणि तिथं एकदा नाव ठेवलं गेलं की ते मुलीला जन्मभर ऐकावं लागतं. मण्यांचे पोपट, मण्यांचे हंस, मण्यांचा पाळणा तर ज्याच्या त्याच्या रुखवतात असायचे. कोणाकडे नसेल असं काय करावं म्हणून माय आणि उंद्रीहून मदतीला आलेली मावशी डोकं धरून बसल्या होत्या. मी नुकतंच लग्न लावणाऱ्या गुरुजींच्या घरी पंचांगावरचं राशींचं चित्र पाहिलं होतं. म्हटलं, बाराही राशी मण्यांच्या करा. चपट्या नाही, चहूबाजूंनी दिसतील अशा, उभ्या.

मावशी म्हणाली, करील कोण? मी म्हटलं, मी. दोघी इतक्या हसल्या की मला रडू यायचं बाकी राहिलं. मग मात्र मी हट्टालाच पेटले. मायला म्हटलं, मी बाराही पुऱ्या केल्या तर मला अमरावतीला धाडायचं तू बाबांना सांगशील का? माय हसायची थांबली. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"पुऱ्या करून दाखव," ती म्हणाली. "मंग मी सांगीन."

तेव्हा मोठी लढाई चालू होती आणि विलायती मणी मिळायची मारामार. चिखलीच्या बाजारात बांगड्या-मणी विकणाऱ्या मनेरवाल्याकडे उरलेसुरले मिळाले, ते एका रंगाचे पुरेनात. म्हणून आमच्या मेषेच्या मेंढ्याची पाठ पांढरी नि पोट पिवळं झालं. काम असं की दोऱ्याला मेण लावायचं, दोन टोकांना दोन सुया. चार-पाच मण्यांचा वेढा घालायचा आणि शेवटच्या मण्यातून दोन्ही सुया समोरासमोर काढायच्या, की वेढा आवळतो. त्याच्या कडेला दुसरा वेढा, त्याला लागून तिसरा. असं करता करता पाठ वळते, पोट गोल होतं, आणि शेवटी भोक उरतं त्यातून काडीनं कापूस कोंबायचा. कापसाला काय तोटा, घरचाच होता. तोटा होता तो माझ्या धीराचा.

काय सांगू, जीव नुसता खालीवर व्हायचा. बाहेर टांग्याचा आवाज आला की पाय आपोआप उठायचे आणि मांडीवरचे मणी घरभर. मग ते वेचत फिरायचं, शिव्या खायच्या, पुन्हा बसायचं. ओसरीवर बसून बघितलं, गोठ्यात बसून बघितलं, वखरावर बसून बघितलं. एकदा तर चालता चालता ओवून बघितलं नि सुई बोटात गेली. पहिला सिंह झाला तो मांजर निघाला. उसवला. दुसरा झाला तो डुक्कर निघाला. उसवला. मिथुनाच्या जोडप्यावरून मावशीनं वेगळाच तमाशा केला. लग्नाच्या मांडवात बाई नि पुरुष इतके चिकटून बरे दिसत नाहीत म्हणे. दूर उभे केले तर दोघं भांडून तोंड फिरवून बसल्यासारखी दिसायला लागली. शेवटी नुसते हात धरून उभे केले. धनु राशीचा अर्धा घोडा अर्धा माणूस मी पितळी तारेवर उभा करत होते, तर बाबा जाता जाता थांबले आणि खंडोबा काय गं, असं विचारून गेले. मी हो म्हटलं. खरं सांगत बसले असते तर त्यांनी माझं डोकं फिरलंय की काय ते बघितलं असतं.

या सगळ्यात ताई काय करत होती? ती मला मणी निवडून द्यायची, रंगारंगाची वाटी भरून. स्वतः मात्र सुईला हात लावत नव्हती. तिची नजर जवळचं बारीक काही टिपत नसे. सुईच्या नेढ्यात दोरा घालायचा म्हटलं तरी ती दुसऱ्याला हाक मारायची. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं आणि बाहेर कोणाला माहीत नव्हतं.

विंचवापाशी खरं गाडं अडलं. मावशी म्हणाली, वृश्चिक गाळून टाक, नवऱ्या मुलीच्या रुखवतात नांगी कशाला? मी म्हटलं, गाळून कशी टाकू? अकराच झाल्या तर मायचा शब्द कसा उरेल? बरं, विंचू करायचा तर मणी कुठले? घरात काळे मणी होते ते मंगळसूत्राच्या पोतीचे, माय दर बाजाराला थोडे थोडे घेऊन साठवायची. ते मी न विचारता घेतले. मावशीनं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. सौभाग्याच्या मण्यांचा विंचू करते ही पोरगी, हिला काय म्हणावं! मायचंही तोंड उतरलं. पण विंचू इतका देखणा झाला होता, नांगी अशी वर वळली होती, की तो उसवायला कोणाचा हात होईना. मग ठरलं की त्याला कुंभाच्या घड्यामागे ठेवायचं, सहज दिसायला नको.

लग्न लागलं, पंगती उठल्या आणि बीबीच्या बाया रुखवताकडे वळल्या. असं रुखवत मी पुन्हा कधी पाहिलं नाही. एरवी बाया बघतात, नाक मुरडतात आणि जातात. इथं मात्र जी ती आपली रास शोधायला लागली. ज्यांना रास माहीत नव्हती त्या गुरुजींना गाठून विचारून आल्या. एक म्हातारी कन्या रास उचलून आपल्या सुनेला दाखवत होती. मी मायच्या मागे उभी होते आणि माझे पाय, देवाशपथ सांगते, पहिल्यांदा एका जागी थांबले होते. कौतुक असं असतं होय, असं मला वाटत होतं.

मग विहीणबाई आल्या, ताईची सासू. ठसठशीत बाई. बीबीकडची बोली आमच्यापेक्षा थोडी निराळी, त्यातून त्यांचा आवाज मोठा. त्यांनी सगळ्या राशी बघितल्या, मग घडा सरकवला आणि मागून विंचू बाहेर काढला. मावशीनं डोळेच मिटून घेतले. विहीणबाईंनी विंचू तळहातावर घेतला, उलटा केला, सुलटा केला.

"ही माझी रास," त्या म्हणाल्या. "माझी आठवण ठेवून, पोतीच्या मण्यांनी केली. कोणाचं काम हे?"

मावशीच्या तोंडून निघून गेलं की धाकटीचं. झालं. विहीणबाईंनी माझी हनुवटी धरली, बोटं बघितली, डोळे बघितले. इतक्या शांत हाताची पोरगी शोधून सापडायची नाही म्हणाल्या. त्यांचा धाकटा मुलगा मांडवातच पानसुपारी वाटत होता, त्याच्याकडे त्यांनी मान वळवली. धाकटीलाही आमच्याच घरात द्या, दोघी बहिणी एका चुलीवर राहतील, याच मांडवात बोलून टाकू, असं त्या मोठ्यानं म्हणाल्या. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. ज्या राशींच्या जोरावर मी अमरावतीला निघाले होते, त्याच मला उचलून बीबीला नेत होत्या.

बाबांनी तोंड उघडायच्या आत माय पुढे झाली.

"ते काम थोरलीचं हाये, विहीणबाई," ती म्हणाली. "धाकटीचं नाव मावशीनं कौतुकानं घेतलं. हे पोरगी तं घडीभर एका जागी बसत नाही. कोनालेही विचारा."

भरल्या मांडवात, सगळ्या बायांसमोर! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी बोटं सुईनं चाळण झालेली, माझे महिने गेलेले, आणि ही बाई सगळं ताईच्या ओटीत टाकून मोकळी? मी बोलणार तोच मायचा पाय माझ्या पायावर पडला, आणि असा जोरात पडला की डोळ्यांत पाणी आलं. विहीणबाई ताईकडे वळल्या आणि खरं का गं म्हणून विचारलं. मुंडावळ्यांआडून ताईनं एकदा माझ्याकडे बघितलं.

"हाव," ती म्हणाली.

विहीणबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि विषय तिथंच संपला. बाराही राशी ताईच्या पेटीत भरून बीबीला गेल्या. ताईला निरोप देतानाही माझं तोंड वाकडंच होतं. मांडव उतरल्यावर माय मला म्हणाली की तोंड उघडलं असतंस तर आता तुझ्याही हळदीची तयारी लागली असती. तेव्हा कुठे मी शुद्धीवर आले.

मायनं शब्द पाळला. बाबा जेवून ओसरीवर सुपारी कातरत होते, तिथं ती गेली आणि भिंतीकडे न बघता बोलली. ही पोरगी कोणाच्या घरात निभणार नाही, उद्या सासरचे परत आणून घालतील, त्यापेक्षा शिकून मास्तरीण होऊ द्या, असं तिनं सांगितलं. माझे सगळे दुर्गुण तिनं एकेक करून बाबांपुढे मांडले. बाबा चिडले, आणि दोन दिवसांनी हेडमास्तरांकडे जाऊन आले. मी उडायची तेवढी राहिले होते.

माझं जायचं ठरलं ते आषाढात. आखाडात नवी सून सासरी ठेवत नाहीत, म्हणून ताईही माहेरी आली होती. तिनं पेटी उघडली, लुगड्याखालून एक गाठोडं काढलं आणि माझ्यासमोर सोडलं. मणी होते, लाल, पांढरे, काळे, निळे. तुळशीच्या लग्नानंतर तिच्या नणंदेचं लग्न होतं. तिच्याही रुखवतात तशाच बारा राशी सुनबाई करील, असं विहीणबाईंनी नव्या व्याह्यांना सांगून ठेवलं होतं. इतके दिवस डोळे आले, बोट कापलं, अशी कारणं काढून ताईनं निभावून नेलं होतं. आता आणखी कारण उरलं नव्हतं.

मी गाठोडं ओढून घेतलं. म्हटलं, मीच करते, मी जात नाही अमरावतीला. पुढच्या वर्षी जाईन. हे म्हणताना माझा जीव तुटत होता, पण म्हटलं. मायनं पदर तोंडाला लावला. ताईनं गाठोडं माझ्याकडून परत घेतलं.

"पुढच्या वर्षी बाबा धाडतीन काय तुले?" ती म्हणाली. "तू जाय. बसाचं काम मले येते. मले फक्त शिकव."

जायला थोडेच दिवस उरले होते. मी शिकवायला बसले आणि माझ्यासारखी वाईट मास्तरीण जगात झाली नसेल. तिला नेढं दिसायचं नाही, ती मणी बोटांनी चाचपून ओवायची, वेढा चुकायची. मी हातातून हिसकून घ्यायची, ती मला चापट मारून परत घ्यायची. मासे आधी घेतले, सोपे म्हणून. पहिला मासा झाला तो शेंगेसारखा वाकडा. मी उसवायला गेले तर तिनं तो मुठीत धरून ठेवला. दुसरा जरा बरा झाला. मग वृषभाचा बैल घेतला, आणि ती बैलाच्या मानेपाशी आली तोवर माझा दिवस उजाडला.

खामगावची आगगाडी धरायची होती. बाबांनी बैल जुंपले, माझी वळकटी गाडीत टाकली. मायनं कपाळाला कुंकू लावलं. मी ताईला हाक मारली, ती बाहेर आली नाही. ओसरीवरच बसून होती, दोन्ही हातांत दोऱ्याची दोन टोकं ताणून धरलेली, मण्यांच्या बैलाची मान डोळ्यांपासून लांब धरलेली. गाडी हलली तेव्हा तिचा आवाज आला, आता पुढचा कोणता घेऊ, लाल का पांढरा? मी गाडीतून मान काढून ओरडून सांगितलं, पांढरा घे, मग दोन लाल. गाडी वेशीकडे वळली. तिनं मागून आणखी काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही.